झाकण न उघडण्याची अट

डोंगराच्या कुशीत, ढगांच्या अगदी शेजारी, गेळवाडी नावाची एक इवलीशी वाडी होती. तिथली माणसं मधमाश्या पाळायची. प्रत्येक अंगणात लाकडी पेट्या, पेट्यांच्या पायांखाली मुंग्यांना अडवणाऱ्या पाण्याच्या वाट्या, आणि त्यावर दिवसभर सोनेरी गुणगुण.

मथी या वाडीत आली तेव्हा तिच्याजवळ एक गोधडी, एक पातेलं आणि आई, एवढंच होतं. तिचं गाव धरणात बुडालं होतं. "पाणी इथवर येणार नाही," असं मोठ्या माणसांनी तिला सांगितलं होतं. पाणी आलं. तेव्हापासून मथीचा कुणाच्याच शब्दावर भरवसा नव्हता.

बारकूतात्यांनी मायलेकींना आपल्या गोठ्याचा कोपरा दिला. तात्या वाडीतले सर्वांत जुने मधपाळ. पण संशयी इतके, की दाराला कडी घातल्यावर ती दोनदा ओढून बघायचे.

"आमची रीत ऐकून ठेव, पोरी," तात्या म्हणाले. "नव्या माणसाला फाल्गुनात माश्यांची एक पेटी मिळते. दसऱ्याला सगळ्यांसमोर झाकण उघडायचं. माश्या असल्या तर घराला जागा. उडून गेल्या असल्या तर दुसरं गाव बघायचं."

"माश्या का उडून जातात, तात्या?"

"ते कळलं असतं तर माझ्या सात पेट्यांच्या तीन झाल्या असत्या का?"

मग काय, फाल्गुनात पेटी मिळाल्यापासून मथी सकाळी झाकण उघडून बघायची, माश्या आहेत ना. दुपारी बघायची. सांजेला पुन्हा. आणि रोज तिला वाटायचं, कालच्यापेक्षा कमी आहेत.

चैत्रात जांभळीला पांढरा, भुरभुरीत मोहर आला. एका सकाळी पेटीखालच्या वाटीत काहीतरी पिवळं चमचमताना मथीला दिसलं. माशी बुडतेय, असं वाटून तिनं पान पुढं केलं. पानावर चढली ती माशी नव्हती. बोटाच्या पेराएवढी परी होती. परागाचा पिवळाधमक परकर, मधाच्या रंगाचे चिंब पंख, आणि कपाळावर दवाच्या थेंबाची टिकली.

"माझा जीव वाचवलास," परी पंख झटकत म्हणाली. "एक मागणं माग."

"आणि बदल्यात काय घेशील?"

"काही नाही. पण दोन अटी आहेत."

"वाटलंच मला," मथी म्हणाली. तरी तिनं मागितलं, "माझ्या माश्या मला सोडून जाऊ नयेत."

"दिलं. पहिली अट, दसऱ्यापर्यंत झाकण उघडायचं नाही. फटीतून डोकवायचंही नाही. कान लावलास तर चालेल. दुसरी अट, हे मागणं तुला दुसऱ्या कुणाला देता येईल. पण मग ते तुझं राहणार नाही."

"उघडायचं का नाही? आत काय लपवणार आहेस?"

परी मंद हसली. "माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? असू दे. अट मात्र पाळ." आणि ती मोहरात दिसेनाशी झाली.

मथीनं पाण्याच्या वाट्यांमध्ये एकेक काडी ठेवली, म्हणजे पुन्हा कुणी बुडू नये. मग ती पेटीला कान लावून बसली. आत गुणगुण होती, चुलीवर पाणी तापावं तशी.

वैशाखात सगळ्यांनी मध काढला. मथीनं काढला नाही.

"पेटी रिकामी असणार," वाडीतल्या बायका कुजबुजल्या. "कळू नये म्हणून उघडत नाही."

मग मुसळधार पाऊस सुरू झाला. फुलं नाहीत की ऊन नाही. मथी बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. वाचलेल्या साखरेचा पाक करून तो पेटीच्या दाराशी ठेवू लागली. वर पानाची छत्री, पाकात गवताच्या काड्या.

श्रावणातल्या एका उघडिपीत तात्या झाकण उचकटायची पटाशी घेऊन तिच्या पेटीपाशी आले.

"उघड. मला बघू दे."

"नाही उघडता येत, तात्या. कान लावा."

तात्यांनी कान लावला. "वारा असेल आतला," ते पुटपुटले. मग पटाशीशी चाळा करत हळूच म्हणाले, "माझ्या दोन पेट्या उडाल्या. तिसरीत मूठभर माश्या उरल्यात. मी रोज बघतो, पोरी. पाऊस थांबला रे थांबला की उघडून बघतो. तरी कमीच होतात."

मथीनं गोठ्याकडे बघितलं. गोठ्याचा कोपरा याच माणसानं दिला होता. आणि ते मागणं, ते तरी खरं होतं की नाही कुणास ठाऊक. पण तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

तिनं परीची सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "माझं मागणं मी तुम्हाला दिलं. आता तुम्ही झाकण उघडायचं नाही."

"मला नाही भेटली कधी परी."

"नसू दे भेटली. पटाशी माझ्याकडे द्या."

तात्यांनी पटाशी तिच्या हातात ठेवली. मथीनं गोधडीची चिंधी फाडून त्यांच्या पेटीचं झाकण घट्ट बांधलं. त्या दिवसापासून पाकाच्या दोन वाट्या झाल्या, प्रत्येकीत अर्धा पाक.

आता मथीच्या पेटीला जादू नव्हती आणि अटही नव्हती. एकदा तिचा हात झाकणावर गेला. उघडलं तर एका क्षणात कळलं असतं. तिनं आधी कान लावला. गुणगुण बारीक होती, पण उबदार होती, अंगाईसारखी. आत अंधारात पिल्लं झोपली असतील. थंड वारा आत शिरला तर? मथीनं हात मागे घेतला.

पाऊस सरला. डोंगरावर निळीजांभळी कारवी आणि पिवळी सोनकी उमलली. दसऱ्याला सगळी वाडी जमली. तात्यांनी चिंधी सोडली. पेटी माश्यांनी गच्च भरली होती.

"आता हिची," बायका माना उंचावून म्हणाल्या.

मथीनं डोळे मिटून झाकण उचललं. भुर्रकन सोनं उडाल्यासारखं झालं. माश्याच माश्या. पोळ्याच्या कडेला परी बसली होती. ती फक्त मथीला दिसत होती.

"मागणं तर मी देऊन टाकलं," मथी कुजबुजली. "मग माझ्या का राहिल्या?"

"तू त्यांना घरात सुखानं राहू दिलंस."

"मग तात्यांच्या पेटीत तरी जादू होती का? खरं सांग."

परी हसली. तिच्या पंखांवर ऊन पडलं, ऊन सोनेरी झालं, आणि त्या लखलखाटात परी विरून गेली. पोळ्यावर परागाचा एक कण तेवढा चमकत राहिला.

तात्यांनी आपल्या अंगणाशेजारी काठीनं रेघ ओढली. "इथं तुमचं घर," ते मथीच्या आईला म्हणाले. आईनं पदर डोळ्यांना लावला.

झाकणं पुन्हा बसली. घटकाभरानं तात्यांचा हात आपल्या झाकणाकडे गेला. मथीनं नुसतं बघितलं. तात्या खोकले, खाली वाकले आणि त्यांनी पेटीला कान लावला.