सगळ्यांत मोठं अनुदान

“महाराज, मला सगळ्यांपेक्षा जास्त मिळालं पाहिजे!”

असं एकच पंडित म्हणाला असता, तर राजा जयकेतूनं त्याला केव्हाच वाटेला लावलं असतं. पण विद्यापीठाचे पाचही आचार्य हेच म्हणत होते, आणि तेही एकाच वेळी, एकमेकांच्या वर आवाज चढवून!

संशोधनाच्या अनुदानासाठी राजानं मोहरांची एक पेटी काढली होती. व्याकरणाच्या नीळकंठशास्त्र्यांना कावळ्याची ‘काव’ स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, हे कायमचं ठरवून टाकायचं होतं. वैद्य अनंतभटांना अडवलेली शिंक जाते कुठे, ते शोधायचं होतं. ज्योतिषी धुंडिराजांना ग्रहणाच्या उपासात भूक का लागते, याचं कारण आकाशात सापडणार होतं. संगीताचार्य गाढवाच्या गळ्यातला निषाद तपासणार होते. आणि अर्थशास्त्राचे गोविंदपंत गरीब माणसं गरीब का राहतात, यावर श्रीमंतांची मतं गोळा करणार होते.

राजा हट्टी. त्यानं फर्मान काढलं, “हा तंटा मिटेपर्यंत दरबारात दुसरं काम निघणार नाही!”

झालं! आठवडा उलटत आला तरी पंडित भांडतच होते आणि दूरदूरहून आलेली माणसं दारापाशी ताटकळत होती. त्यांतच होती साळू, काळनदीच्या नावाड्याची लेक. पुरात वाहून गेलेला पूल पुन्हा बांधून मागायला ती आली होती. पाय अवघडले, शिदोरी संपली, आणि पंडितांचा उबग तर पहिल्याच दिवशी आला होता.

तेवढ्यात नीळकंठशास्त्री हात जोडून म्हणाले, “महाराज, मला थोडं कमी मिळालं तरी चालेल. पण त्या धुंडिराजाला माझ्याहून कमी मिळालं पाहिजे!”

साळू खळखळून हसली. भरल्या दरबारात!

“कोण हसलं?” राजा गरजला. “पुढे ये! कशाला आलीस तू?”

“काळनदीच्या नावाड्याची लेक मी, महाराज. नदीवर पूल मागायला आले.”

“नावाड्याची पोर आणि पूल मागतेस? मग तुझा बाप खाईल काय?”

“त्यानंच धाडलंय मला,” साळू म्हणाली. तिचं हसू मावळलं होतं. “गेल्या श्रावणात एक अडलेली बाई त्याच्या नावेतच गेली, भर पाण्यात. तेव्हापासून भाड्याचा पैसा त्याला नकोसा झालाय.”

राजाला ते पटलं. पण हट्ट तो हट्टच!

“पूल मिळेल. आधी हा तंटा मिटव. पाचही जणांनी माझ्यासमोर म्हटलं पाहिजे, की ‘सगळ्यांत जास्त मलाच मिळालं.’ पेटीबाहेरची एक मोहर मिळणार नाही. आणि एक जरी शब्द खोटा बोललीस, तर पूल विसर!”

“ही पाण्यावर रांगोळी काढणार!” गोविंदपंत फिदीफिदी हसले. “अहो, हिला भागाकार तरी येतो का?”

“येत नाही, पंत,” साळू म्हणाली. “तुम्हाला येतो, म्हणून तर आठवडाभर इथं उभी आहे!”

तिनं पेटी शेजारच्या दालनात नेली, पाच थैल्या मागवल्या आणि एकेकाला आत बोलावलं. प्रत्येकाच्या हातात थैली ठेवून ती कानाशी काहीतरी पुटपुटे. आत जाताना कपाळाला आठ्या, बाहेर येताना तोंडभर हसू! थैली लगेच उपरण्याखाली गडप होई.

राजानं विचारलं, “काय वैद्यराज?”

अनंतभट राजाच्या कानाशी लागले, “महाराज, सगळ्यांत जास्त मलाच मिळालं! पण हे बाकीच्यांच्या देखत नको. जीव जळेल बिचाऱ्यांचा!”

राजानं मग बाकीच्या चौघांनाही एकेकटं जवळ बोलावलं. चौघांनीही तेच सांगितलं. नीळकंठशास्त्री तर जाताना धुंडिराजांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू हं!” धुंडिराजही तितक्याच मायेनं म्हणाले, “तुमचंही होईल काहीतरी!” एकमेकांची कीव करत पाचही आचार्य बाहेर पडले.

साळूनं पेटी परत आणून ठेवली, तशी राजानं ती उघडली. पाहतो तो काय, पेटी जवळजवळ भरलेलीच!

“हे काय? त्यांना दिलंस तरी किती?”

“पाच-पाच मोहरा. सगळ्यांना सारख्याच.”

“सारख्या? म्हणजे खोटं बोललीस तू!” राजा ताडकन उठला. “गेला तुझा पूल!”

“थांबा, महाराज! मी प्रत्येकाला एवढंच म्हणाले, ‘तुमच्यापेक्षा जास्त कुणालाही मिळणार नाही. पण आकडा कुणाला सांगू नका, सांगितलात तर हा आनंद टिकायचा नाही.’ यात खोटं काय आहे?”

राजानं एकेक शब्द बोटांवर मोजून पाहिला. खोटं काही सापडेना! “पण त्यांनी तर भलताच अर्थ लावला!”

“अर्थ लावणं हा त्यांचा धंदा, महाराज. मी अडाणी मुलगी, मी कोण मध्ये बोलणार?”

“आणि पाच मोहरांत खूश कसे झाले? पेटीभर मागत होते ना!”

“पेटी त्यांना नकोच होती. शेजाऱ्याची थैली हलकी असली, की यांचं संशोधन पुरं होतं!”

राजा असा हसला, की मुकुट कानावर आला आणि भालदार-चोपदारही तोंडात शेले कोंबून हसू लागले.

“ही पेटी काळनदीच्या पुलाला!” डोळे पुसत राजानं हुकूम सोडला. “आणि पोरी, यापुढे दरसालची अनुदानं तूच वाटायचीस!”

“नको, महाराज. त्यापेक्षा पुढच्या साली ते मागायला आले, की तुम्हीच त्यांना एवढं विचारा, ‘गेल्या साली काय सापडलं?’ वाटायची वेळच यायची नाही!”

राजा पुन्हा हसत सुटला. हसता हसताच त्यानं गळ्यातली मोत्यांची माळ काढून साळूच्या ओंजळीत घातली आणि पाथरवटांना बोलावणं धाडलं.