मुगाची सालं

“मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

विश्वंभरानं विचारलं खरं. पण आपलं काही चुकलं असेल असं त्याला मनातून वाटत नव्हतं. पाठशाळेत पहिला आलेला वैद्य तो. आई गेल्यापासून वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि अन्न तुटत चाललं होतं. मात्रा झाल्या, चाटणं झाली. शेवटी तो नदीकाठच्या नारोबा गोसाव्यांकडे, आपल्या जुन्या गुरूंकडे आला.

“खायला काय देतोस?”

“मुगाचं कढण.” त्यानं सोबत आणलेला गडवा पुढे केला. “स्वतः करतो. बघा, एक साल सापडायचं नाही.”

नारोबांनी वाकून पाहिलं.

“सोन्यासारखं आहे रे. आणि सालं?”

“ती गाईला.”

“गाय कशी आहे?”

“गाय?... चांगली आहे. तुकतुकीत.”

“असणारच. वैद्यबुवांचं औषध तिला लागू पडलंय.”

विश्वंभराचे कान लाल झाले.

“वडिलांचं पोट साफ होतं?”

“...नाही. खडा होतो.”

“कोठा झाडून काढतात ती सालं, भूक जागी करतात ती सालं. आणि तू ती गोठ्यात नेऊन टाकतोस. आई कसं करायची?”

“सालांसकट.” तो किंचित हसला. “तिला कुठलं शास्त्र? मी म्हटलं, म्हातारा घसा, सालं बोचतील. बोचेल असं काही त्यांच्यापुढे ठेवायचंच नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. आईची लुगडीसुद्धा ट्रंकेत घातली. घरात कुणी तिचं नाव काढत नाही.”

“आणि ते?”

“ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहतात...”

तो नदीकडे बघत बसला.

नारोबांनी गडवा तोंडाला लावला. सगळं कढण पिऊन टाकलं.

“बेचव,” ते म्हणाले.

मग आत गेले आणि ओंजळभर हिरवे मूग आणून त्यांनी रिकाम्या गडव्यात ओतले.

“जेवतील ना ते, बुवा?”

“जेवतील की. आज सालं काढू नकोस.”

नारोबांनी गडवा त्याच्या हातात दिला.

“आईचं नाव काढ.”