चौदा पट्ट्यांची म्रिका

आजीच्याही आजीने ऐकलेली ही गोष्ट. अल्बानियाच्या उत्तर भागात, उंच डोंगरांतल्या ब्रेगमाल गावात म्रिका नावाची मुलगी समुद्रापलीकडे शिकून परत आली. तिला वाटलं होतं, वाटेवर काळा झुब्लेटा घातलेल्या बाया भेटतील, चालताना त्यांचे घंटेसारखे घेर डोलतील. भेटल्या त्या बाजारच्या सुती झग्यातल्या बाया. झुब्लेटा उरला होता एकच, तिच्या द्रानाआत्याचा. शिवणारीही तीच एक उरली होती, आणि तिच्या बोटांत आता सुई ठरत नव्हती.

त्या गावात बाईला तिच्याच झुब्लेट्यात पुरायचे. मेलेल्या लेकीला न्यायला तिची आधी गेलेली आई येते आणि झुब्लेट्याच्या नक्षीवरून तिला ओळखते, असं म्हणतात.

"हा मातीत गेला की संपलं, आत्या. मला शिकव," म्रिका म्हणाली.

"बस शेजारी. मी सांगते तशी शीव."

"त्यात वर्षं जातील. मी उसवते, कागदावर उतरवते, परत जोडते."

"मोठ्या शाळेत उसवायला शिकवतात वाटतं," आत्या हसली. पण भाचीचा चेहरा पाहून तिने झुब्लेटा दिला. "मी जायच्या आत परत दे, पोरी. आईला ओळख पटायला हवी."

म्रिकाने कुटलेल्या लोकरीच्या चौदा पट्ट्या सुट्या केल्या, त्यांवर आकडे घातले, चित्रं काढली. मग जोडायला बसली, तर घेर उभा राहीना. पट्ट्या जोडणारी कुठली दोरी किती ओढायची, हे कागदावर आलंच नव्हतं. ते आत्याच्या बोटांत होतं. आणि त्याच संध्याकाळी आत्या गेली.

असं म्हणतात, दिवस मावळताना डोंगरावरून काळ्या झुब्लेट्यातली एक म्हातारी उतरली. द्रानाच्या उशाशी थांबली, तिच्या अंगावरची पांढरी चादर खालपासून वरपर्यंत निरखली. "ही माझी नव्हे," म्हणाली आणि रिकाम्या हाताने परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला चादरीतच पुरलं. म्रिकाने चौदाही पट्ट्या खांद्यावर घेतल्या.

"कुठे निघालीस?" शेजारणीने विचारलं.

"त्या म्हातारीला गाठते. सांगते, ती तुझीच होती, चूक माझी."

ती डोंगर चढून गेली. परत आली नाही.

तिचे कागद गावात अजून आहेत. त्यांवरून कुणालाच झुब्लेटा शिवता आला नाही. पण ब्रेगमालमध्ये बाई गेली, की बाकीच्या बाया आजही डोंगराकडे तोंड करून तिचं आणि तिच्या आईचं नाव मोठ्याने सांगतात. त्या हाकेला म्रिकाची हाक म्हणतात.