पुन्हा एकदा रडा

मृण्मयीच्या लग्नाचा फोटोग्राफर व्याह्यांनी ठरवला होता, त्यामुळे यशवंतराव कुंभोजकरांना गप्प बसावे लागले. नाहीतर या झगडेसरांना ते चांगले ओळखून होते. थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम याच गृहस्थांनी केला होता. त्यात मांडवाची झालर लख्ख दिसत होती, नवरी धूसर होती आणि स्वतः यशवंतराव फक्त मानेपर्यंत होते.

पाठवणीच्या वेळी मृण्मयी वडिलांच्या गळ्यात पडली आणि दोघांनाही रडू आवरेना.

"थांबा," झगडेसर म्हणाले. "ताई, पदर मध्ये आला. पुन्हा एकदा रडा."

व्याह्यांसमोर वाद नको म्हणून बापलेक पुन्हा रडले. तेव्हा उजेड कमी पडला. तिसऱ्या खेपेला दोघांचेही डोळे ठणठणीत कोरडे. बाहेर गाडी सुरू झाली होती. लेकीचा निरोप घ्यायचा राहूनच जातो की काय, या विचाराने यशवंतराव कासावीस झाले.

"काका, जरा मनापासून. मला राज्यपातळीवरचं बक्षीस आहे," सर आठ्या घालून म्हणाले.

यशवंतरावांनी हात जोडले. "सर, आत्ता नाही यायचं रडू. थोरलीच्या वेळी तुमचा अल्बम आला, तेव्हा मात्र अख्खं घर रडलं होतं. याही खेपेला अल्बम द्यायला याल, तेव्हा कॅमेरा घेऊन या. हवं तेवढं रडू."

सगळ्यांत आधी व्याहीच हसले. सरांचा कॅमेरा खाली आला. मृण्मयी हसत हसत वडिलांच्या गळ्यात पडली आणि तिथेच तिला हुंदका फुटला. या वेळी 'पुन्हा एकदा' म्हणायची कोणाची छाती झाली नाही.