गुंजूचा शंख नांगराखाली

समुद्राच्या तळाला वाळू. वाळूवर एक शंख. शंखात एक खेकडा. केवढा? गुंजेएवढा. म्हणून त्याचं नाव गुंजू.

गुंजूच्या नांग्या टणक. पाठ मात्र मऊ, लोण्यासारखी. म्हणून तो शंखात राहायचा. शंख पाठीवर घेऊनच हिंडायचा. तुरुतुरु, तुरुतुरु.

एके दिवशी गुंजूला दिसला दुसरा शंख. गुलाबी, गुळगुळीत. बघू तरी घालून, म्हणून त्याने आपला शंख काढून ठेवला आणि नव्यात शिरला. नव्याला मागून भोक. गार पाणी पाठीला लागलं. नको बाबा, म्हणत गुंजू बाहेर आला. तेवढ्यात वरून काहीतरी आलं.

सूंऽऽऽ... धप्प.

होडीचा नांगर. लोखंडी आणि जड. तो नेमका गुंजूच्या शंखावर बसला. शंख गेला वाळूत, वर नांगर.

बाजारात नवी चप्पल पायात घालून बघावी आणि तेवढ्यात जुनी कुत्र्याने पळवावी, तसं झालं.

आता गुंजू उघडा. आणि खडकाआडून कोण आलं? शिंगाळा मासा. लांब लांब मिशा. मिशांनी वाळू चाचपत आला. सळ सळ, सळ सळ. त्याला खायला काय आवडतं? शंखाबाहेरचा खेकडा.

गुंजू धावला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला नांगराकडे.

"नांगरदादा, नांगरदादा, जरा ऊठ ना.
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

नांगर म्हणाला, "माझं काम बसायचं. उठायचं माझ्या हातात नाही. आधी दोर ओढू दे, मग मी उठतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. गुंजू गेला दोराकडे.

दोर नांगराला बांधलेला. पण कसा? सैल, ढिला. पाण्यात नुसता डोलत होता. डुलू डुलू, डुलू डुलू.

"दोरमामा, दोरमामा, नांगर ओढ ना.
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

दोर म्हणाला, "मी हा असा सैल पडलेला. मी काय ओढणार? आधी तांडेल खेचू दे, मग मी ओढतो."

खाली शिंगाळा आला. सळ सळ, सळ सळ. गुंजू दोर धरून वर चढला. सरसर, सरसर. पोचला थेट होडीत.

होडी छोटी. होडीत माणसं दोन. एक धाकू तांडेल, होडी चालवणारा. दुसरी त्याची बायको, गुणाकाकी. दोघं मासे धरायला आली होती. बेटाजवळ आली, मशीन बंद केलं, नांगर टाकला. आणि मग होडीशेजारचं पाणी फुगलं. पाण्यातून काळी काळी पाठ वर आली. खडकाएवढी. भुस्सऽऽ करून पाण्याचं कारंजं उडालं.

देवमाशीण. मोठी माय.

तेव्हापासून तांडेल दोर हातात धरून उभा. हलत नव्हता, बोलत नव्हता.

गुंजू त्याच्या पायाशी गेला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तांडेलकाका, तांडेलकाका, दोर खेच ना.
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

तांडेल कुजबुजला, "श्शू. दोराशेजारी तिची शेपटी आहे. आत्ता खेचला, तर दोर शेपटीला अडकेल. तिला लागेल, आणि आम्ही उलटू. आधी माय हलू दे, मग मी खेचतो."

गुंजूने खाली पाहिलं. पाणी खोल. माय मोठी. पण पाठ उघडी, करतो काय?

टुपुक. मारली उडी. लाटेने ढकललं, लाटेने झेललं. गुंजू गेला मायच्या डोळ्यापाशी. तो डोळाच गुंजूहून मोठा.

"मोठी माय, मोठी माय, जरा हल ना.
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

माय हळू आवाजात म्हणाली, "बाळा, माझं पिल्लू पलीकडे. मी अलीकडे. मध्येच यांची होडी, मध्येच यांचा दोर. त्याला सोडून मी कशी जाऊ? आधी पिल्लू येऊ दे, मग मी हलते."

तिची शेपटी थरथरली. होडी डुगडुगली. गुणाकाकीने डोळे मिटले.

गुंजू निघाला. होडीच्या पोटाखालून, उलटा उलटा चालत. तुरुतुरु, तुरुतुरु. पलीकडे पोचला. तिथे होतं पिल्लू. पिल्लू म्हणजे होडीहून मोठं. पण भित्रं. फुस्स करायचं आणि पाण्यात दडायचं. फुस्स करायचं आणि दडायचं.

"पिल्लूदादा, पिल्लूदादा, आईकडे जा ना.
माय हलेना,
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

पिल्लू म्हणालं, "मध्ये ते काळं काळं काय आहे? पोहत नाही. बोलत नाही. आवाज आला तर कळतं, कोण कुठे आहे ते. हे गप्पच. मला भीती वाटते. आधी ते बोलू दे, मग मी येतो."

ते काळं काळं म्हणजे होडी. गुंजू होडीच्या फळीवर चढला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"होडीताई, होडीताई, काही बोल ना.
पिल्लू येईना,
माय हलेना,
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

होडी म्हणाली, "मला कुठे तोंड आहे? मशीन चालू होतं तेव्हा बोलत होते. धुगधुग, धुगधुग. ते झालं बंद. आधी वल्हं वाजू दे, मग मी बोलते."

वल्हं होतं होडीत, आडवं. गुंजू गेला वल्ह्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वल्हेभाऊ, वल्हेभाऊ, जरा वाज ना.
होडी बोलेना,
पिल्लू येईना,
माय हलेना,
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

वल्हं म्हणालं, "मला कोणी धरलं तर मी वाजणार. आधी काकी उठू दे, मग मी वाजतो."

काकी वल्ह्याशेजारीच बसली होती. हात जोडून. ओठ घट्ट मिटून. गुंजू गेला काकीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. आता दमला होता बिचारा.

"गुणाकाकी, गुणाकाकी, जरा ऊठ ना.
वल्हं वाजेना,
होडी बोलेना,
पिल्लू येईना,
माय हलेना,
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?"

काकी ओठातल्या ओठात म्हणाली, "नाही रे बाबा. देवमासा दिसला की हात जोडायचे आणि गप्प बसायचं. चूं करायचं नाही. आमच्या वाडीची रीतच आहे. सासऱ्यांनी पाळली, आम्ही पाळतो."

झालं. आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

ऊन लागलं. वारा लागला. मऊ पाठ सुकायला लागली. खाली पाण्यात शिंगाळा फिरत होता. सळ सळ, सळ सळ. गुंजूचे डोळे भरून आले.

काकी उठेना,
वल्हं वाजेना,
होडी बोलेना,
पिल्लू येईना,
माय हलेना,
तांडेल खेचेना,
दोर ओढेना,
नांगर उठेना,
शंख मिळेना.
पाठ उघडी, राहू कुठे?

गुंजूकडे शंख नव्हता. पण नांगी होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

समोर होता काकीचा अंगठा.

कचक.

"आई गं," म्हणत काकीने पाय झाडला. पाय लागला वल्ह्याला. वल्हं आपटलं फळीवर.

टक.

तांडेलाने मागे वळून डोळे वटारले. ओठावर बोट ठेवलं. आता काय होणार?

पलीकडून आवाज आला. फुस्स. पिल्लू दडलं नाही. पिल्लू ऐकत होतं.

काकीच्या लक्षात आलं. घरात तान्हं मूल अंधाराला भ्यालं, तर आपण काय करतो? हाक देतो. मी इथे आहे, म्हणतो. तिने वल्हं उचललं. तांडेल नको नको म्हणाला, तरी उचललं. आणि फळीवर वाजवलं. जोरात नाही. हळूच.

टक... टक... टक...

होडी बोलली. मी इथे आहे. मी इथे आहे. मी इथे आहे.

पिल्लाला कळलं, होडी इथून इथवर. दोर तिकडे. मग आपण जायचं इकडून. पिल्लू निघालं. होडीला लांब वळसा घातला, दोराला आणखी लांब वळसा घातला, आणि आईच्या कुशीत शिरलं.

माय हलली. शेपटी जपून उचलली. हळू हळू, मागे मागे.

आणि गुंजू कुठे होता? काकीने पाय झाडला, तेव्हाच तो उडाला होता. टुपुक, पाण्यात. दोर धरून धरून खाली उतरला होता. नांगराला चिकटून बसला होता. वर काकी म्हणाली, आता खेचा. तांडेल म्हणाला, थांब, मायलेकरं लांब जाऊ दे. मग काकी म्हणाली, एवढं कळतं, तर नांगर टाकताना चारी बाजू बघायच्या होत्या. बरोबर मधे आणून बसवलीत होडी.

"पाण्याखालचं मला काय दिसतं?" तांडेल म्हणाला. "मी काय पापलेट आहे?"

खाली शिंगाळा जवळ आला. सळ सळ. आणखी जवळ आला. सळ सळ. त्याची मिशी गुंजूच्या पाठीला लागली. गार, बुळबुळीत.

"खेचा ना," गुंजू म्हणाला. इतकं हळू की कुणालाच ऐकू गेलं नाही.

लांब, खूप लांब, भुस्सऽऽ. त्याच्याशेजारी, फुस्स.

आणि मग,

तांडेल खेचायला लागला. हुईश्श, हुईश्श.
दोर ताठ झाला. एक वेढासुद्धा पाण्यात सैल राहिला नाही.
दोराने ओढलं.
नांगर उठला. फटाक.

वाळूच वाळू उडाली. शिंगाळ्याच्या डोळ्यात गेली, मिशीत गेली, तोंडात गेली. काही दिसेना. गुंजूलाही दिसेना. पण आपलं घर चाचपून कळतं. ही कड. हा वळसा. हा आतला मऊ कोपरा.

सुर्रकन गुंजू आत. नांगीचं दार बंद.

वाळू खाली बसली. शिंगाळा आला. मिशीने शंखावर ठोठावलं.

"आत कोणी आहे का?"

"आहे," आतून आवाज आला. "घरमालक आहे."

शिंगाळा गेला. सळ सळ, सळ सळ, सळ...

पिल्लू निजलं आईच्या कुशीत,
होडी लागली वाडीच्या वाळूत,
गुंजू बसला आपल्या शंखात,
गोष्ट उतरली तुमच्या कानात.