मागच्या तोंडाची जाळी

तुतीचे मळे असलेल्या एका गावात भानुदासकाका रेशमाच्या अळ्या पाळत. शेडमधली दमट हवा पंखा एका लांब पत्र्याच्या डक्टमध्ये ढकलायचा आणि ती मागच्या तोंडातून बाहेर पडायची. निदान काकांची समजूत तशी होती.

त्या वर्षी अळ्यांच्या दोन खेपा मेल्या. तिसऱ्या खेपेतल्या अळ्याही पाला खाईनात. "हीही गेली तर तुती उपटून टाकतो," काका म्हणाले.

त्यांची पुतणी ऋजुता इंजिनिअर होती. शेडमधून डक्टमध्ये वारा कसा वाहतो याचं चित्र काढणारा प्रोग्राम तिच्याकडे होता. आतलं गणित तो स्वतः करायचा; दोन्ही टोकांना काय आहे, ते मात्र माणसाने सांगावं लागे. तिने पंख्याचा वेग मोजून भरला. मग विचारलं, "काका, मागचं तोंड उघडं आहे ना?"

"उघडंच. शेड मी बांधलीय, तू नाही," काका बाजेवरून न उठता म्हणाले.

तिने 'उघडं' असं भरलं. पडद्यावर वारा झुळझुळ वाहू लागला.

"आता हे अळ्यांना जाऊन सांग," काका म्हणाले.

ऋजुताला राग आला, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. चित्रात वारा आहे आणि शेडमध्ये नाही, मग तो जातो कुठे? तिने शिडी लावली आणि पेटती उदबत्ती मागच्या तोंडासमोर धरली. धूर सरळ वर गेला. जरासुद्धा हलला नाही.

तोंडावर बारीक जाळी होती, भिंतीसारखी पांढरी झालेली.

"काका, ही काय?"

"उझी माशी अळ्यांवर अंडी घालते, म्हणून बांधली. जाळीला कोणी झाकण म्हणतं का?"

"अळ्यांवर भुरभुरवता तो चुना पाच वर्षं हिच्यात बसलाय. माशी अडली, वाराही अडला."

काकांनी मान वर करून जाळीकडे पाहिलं.

"उघडं तुम्ही म्हणालात," ऋजुता म्हणाली, "पण न बघता भरलं मी."

तिने 'उघडं' खोडून 'तुंबलेलं' भरलं. पडद्यावरचा वारा नेमका मलूल अळ्यांच्या रॅकपाशी थबकला. काकांनी स्वतः जाळी काढून धुतली, परत बांधली. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये पाला कुरतडल्याचा आवाज भरून राहिला.

पुढच्या खेपेला ऋजुताने विचारलं, "काका, मागचं तोंड?"

काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाजेवरून उठून शिडी घेतली. "थांब," ते म्हणाले, "बघून सांगतो."

तात्पर्य: टोकाला काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मधल्या गणितावर भरवसा ठेवू नये, मग सांगणारा कितीही मोठा असो.