मानकऱ्याचा साचा

त्या राज्यात राजेही कुत्रेच होते आणि रयतही कुत्र्यांचीच. राजघराण्यांतल्यांची तोंडं सपाट होती, रयतेची लांब. सपाट तोंडाच्यांना बसल्या जागी धाप लागे आणि लांब तोंडाच्यांना दिवसभर कामं असत. हे असंच असायचं, असं दोघांनाही वाटे.

घराणी पाच होती आणि सोयरीक या पाचांतच होई. दर मोसमाला कोणी कोणाशी जमवायचं हे पंच ठरवत. दरसाल उन्हाळ्यात मैदानावर दरबार भरे. घराण्यातले कुत्रे एकेक करून पुढं येत आणि भाट त्यांची वंशावळ म्हणे. वंशावळ संपेपर्यंत उन्हात उभं राहायचं, असा नियम. सोम्यागोम्या लगेच सावलीत जाई. खरा खानदानी कोसळेपर्यंत उभा राही, आणि कोसळला की सगळ्यांच्या शेपट्या हलत. वंशावळीत एकच पणजोबा चार-चार जागी येई. कोणी तरी एकदा भाटाला त्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "बरंय की! पाठ करायला सोपं."

मग साचा येई. आदल्या सालच्या मानकऱ्याचं तोंड ओल्या मातीच्या गोळ्यात दाबलेलं असे. तो ठसा भट्टीत भाजला की झाला साचा. यंदा ज्याचं तोंड त्यात बरोबर बसेल तो यंदाचा मानकरी. लगेच त्याचंही तोंड मातीत दाबायचं, म्हणजे पुढच्या सालचा साचा तयार. वाडवडिलांचा चेहरा जसाच्या तसा राहावा, मापात तसूभर फरक पडू नये, म्हणून ही पद्धत. ती कोणी काढली हे कोणाला ठाऊक नव्हतं. काढणारा फार शहाणा होता, यावर मात्र एकमत होतं.

मैदानाच्या कुंपणावर कावळे बसत. ते वर्षानुवर्षं एकच ओरडत, "अरे, श्वास घ्या, श्वास! नाकं कुठं ठेवून आलात?" पंच म्हणत, कावळ्यांना लांब चोच आहे, त्यांना सपाट तोंडाची शोभा काय कळणार. पण एका साली ओरडा फारच झाला, तेव्हा पंचांनी बैठक घेतली आणि पंख्याने वारा घालणारे दुप्पट केले. नाकाला कोणी हात लावला नाही. वारा वाढवला.

दुसऱ्या घराण्यात रत्नाक्का होती. दोन मोसमांत तिला सात पिल्लं झाली होती आणि सातांतलं एकही उरलं नव्हतं. पिल्लू दूध ओढायला लागे, मग श्वासासाठी आचळ सोडून देई. श्वास घेता घेता दूध राहून जाई. दोन्ही एकदम काही जमेना. तिसऱ्या दिवशी दोन्ही थांबे. आता तिसरा मोसम आला होता, आणि एक तरी जगावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

साच्यात तोंडं बसवून बघणारे थोरले पारखी म्हणजे तिचे सख्खे मामा. पंचांत त्यांचा शब्द शेवटचा. ती त्यांच्याकडं गेली.

"मामा, ती जगत का नाहीत?"

"खानदानी माल नाजूकच असतो."

"बाहेरच्या गल्लीत एकेकीची आठ-आठ जगतात."

"गवतही उगवतं गं," मामा म्हणाले. "तू गुलाबाचं बोल."

तिला उत्तर मिळालं, पण समजलं काहीच नाही. रत्नाक्काला ही एक खोड होती. समजलं नाही की तिला झोप लागत नसे.

त्या साली पराक्रमसिंह मानकरी झाला. त्याची वंशावळ एवढी लांब, की निम्म्यातच तो आडवा झाला. त्याचं तोंड तसंच मातीत दाबलं. हलला नाही, म्हणून ठसा फार सुरेख आला. पंचांनी रत्नाक्काचा मोसम त्याच्याशी ठरवला. त्याची आई तिची मावशी आणि बाप तिचा चुलता, म्हणजे बाहेरचं कोणी नाही, असं म्हणून सगळे खूश झाले.

मानकऱ्याच्या जोडीदारणीने ओला ठसा कुंभारगल्लीत पोचवायचा, अशी रीत होती. आजवरच्या सगळ्या जणी तो दाराशी ठेवून धुराच्या भीतीने परत फिरल्या होत्या. वाटेत ठसा डुगडुगू नये म्हणून रत्नाक्काने त्यात आपला पुढचा पंजा टेकवून धरला होता. पंजा आत बरोबर मावला. गल्लीत पोचल्यावर ती परत फिरली नाही. भट्टी कशी लागते ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

कुंभारीण तुळसामावशी म्हणजे एक लांब तोंडाची म्हातारी कुत्री. तिने ठसा भट्टीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नाक वर करून म्हणाली, "झाली बघ भट्टी."

"कशावरून?"

"वासावरून."

रत्नाक्कानेही नाक वर केलं. वास आला नाही, खोकला तेवढा आला.

साचा निवाल्यावर तिने सहज त्यात पंजा घातला. पंजा अडला. तिने फिरवून घातला, बोटं आवळून घातला. मावेना.

"मावशी, काल मावत होता."

"आज नाही मावायचा. माती आटते बाई. दहा बोटं थापलं, तर भाजून नऊ भरतं."

"या खेपेलाच?"

"दर खेपेला. मडकं असो नाहीतर मानकरी, मातीला काय त्याचं!"

"मग हे कोणाला सांगितलं का नाही?"

"माझ्या आजीनं सांगितलं होतं. तुमच्याच घरच्या पारख्याला. तो म्हणाला, तू मडकी कर, मापाचं आम्ही बघतो. मग करतोय आम्ही मडकी."

जुने साचे कुठं आहेत, असं रत्नाक्काने विचारलं. ते परसात होते. कशात तुळस लावलेली, कशात कोंबड्यांचं पाणी, आणि सगळ्यात जुन्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. रत्नाक्काने कोंबडीची माफी मागून साचा रिकामा करून घेतला आणि संध्याकाळपर्यंत एकेक साचा ओळीने मांडला. एका टोकाला खोल ओगराळं, दुसऱ्या टोकाला उथळ बशी, आणि मध्ये कुठं एकदम उडी नाही. प्रत्येक साचा शेजारच्यासारखाच दिसे. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले, तरच वेगळं दिसे. आणि ते आजवर कोणी ठेवले नव्हते.

सगळ्यात जुना साचा दातांत धरून ती मामांकडं गेली आणि जे पाहिलं ते सांगितलं. मामांनी आधी साचा हुंगून पाहिला, मग उलटा करून खालचा शिक्का वाचला. शिक्का पहिल्या मानकऱ्याचा होता. मामांनी इकडंतिकडं बघून हळूच तोंड आत घातलं. तोंड गेलं, कपाळ गेलं, तरी बुडाला काही लागेना.

"एवढं तोंड होतं त्यांचं?" मामा आतूनच म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम लहान पोरासारखं नवल होतं.

मग त्यांनी तोंड बाहेर काढलं, आणि ते नवल आतच राहिलं.

"तेव्हा माप चुकलं असेल. आपण सुधारत आणलं."

"सुधारलं नाही मामा, आटलं."

"मामाशी उलटं बोलू नकोस."

"मग कोणाशी बोलू? पिल्लांशी बोलले असते, ती राहत नाहीत."

मामा बराच वेळ धापा टाकत बसले. मग म्हणाले, "रत्ना, या साच्याकडं बघून मी उभ्या जन्मात शेकडो तोंडं बाद केली. आईसमोरून पोरं उचलून बाहेरच्या गल्लीत टाकली. आता तू म्हणतेस साचाच खोटा. मग मी काय केलं?"

रत्नाक्काने जुना साचा परत त्यांच्यासमोर सरकवला.

"म्हणून साचा खरा," मामा म्हणाले आणि त्यांनी जुना साचा तिच्याकडं सरकवला. "हा कोंबडीला देऊन ये. आणि पराक्रमसिंहाकडं जायची तयारी कर."

तिने साचा कोंबडीला नेऊन दिला, पण पराक्रमसिंहाकडं गेली नाही. कुंभारगल्लीत तुळसामावशीचा भाचा गोंदा माती तुडवत होता. रत्नाक्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि पारखी कुत्र्याला पारखतात तशी त्याला पारखू लागली. फक्त साचा वापरला नाही. दात पाहिले. मागचे पाय लचकतात का पाहिलं. टेकडीवर दोनदा पळवून आणलं आणि त्याच्या छातीला कान लावला.

"वंशावळ आहे का?"

"आहे की. आई होती. ती उंदीर झकास धरायची."

"कशानं गेली?"

"म्हातारपणानं."

रत्नाक्काने आठवून पाहिलं. "हा आजार आमच्या पाच घराण्यांत कोणाला झालेला नाही," ती म्हणाली. आणि मोसम तिने गोंदाबरोबर काढला.

पंचांनी तिचं नाव वंशावळीतून काढून टाकलं. भाटाने कुरकूर केली, कारण भाची, पुतणी, मावसबहीण अशा नात्यांनी ते सात जागी येत होतं आणि त्याची चाल मोडली. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असं ठरलं. घर तेवढं तिच्याकडं राहिलं, कारण तिथं पिल्लं जगत नाहीत म्हणून ते कोणाला नको होतं.

दोन महिने झाले आणि त्या घरात चार पिल्लं जन्मली.

त्या आळीत भिंतीला भिंत होती, आणि बाळंतिणीच्या घरात डोकवायचं नाही अशी रीत होती. शेजारणी भिंतीला कान लावत. पलीकडून घर्र घर्र आली, की म्हणत, जगलंय. आवाज बंद झाला की समजायचं, आणि सांत्वनाला जायचं. सांत्वनाला वाळीत टाकलेल्याकडंही जावं लागे.

रत्नाक्काच्या भिंतीतून पहिल्या दिवशी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारणींनी मामांना बोलावलं. मामा पुढं, मागं पाचही घराण्यांतली थोरली मंडळी, असे सगळे जण माना खाली घालून आत आले. जमेल तेवढ्यांनी गळे काढले.

"गप्प," रत्नाक्का म्हणाली. "उठतील."

कोपऱ्यात चार पिल्लं एकमेकांवर पसरून पडली होती. तोंडं मिटलेली. मामा जवळ गेले. त्यांनी आजवर असं तोंड मिटून पडलेलं एकच तऱ्हेचं पिल्लू पाहिलं होतं.

"गेली गं पोरी," मामा म्हणाले. "चारही."

रत्नाक्काने वरच्या पिल्लाला नाकाने ढोसलं. पिल्लाने डोळे न उघडताच मान उचलली, मामांकडं तोंड करून जांभई दिली, आईचं आचळ तोंडात धरलं आणि दूध पिता पिताच परत झोपलं.

मामा चक्रावले. "मग श्वास कुठनं घेतंय?"

"ऐका की," ती म्हणाली.

मामांनी कान पिल्लाच्या अंगाशी नेला. काही ऐकू येईना. खोलीत लाकूड कापत असल्यासारखी घर्रघर्र चालली होती.

"कोण घोरतंय रे?" मामा खेकसले. "बाहेर काढा त्याला!"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सगळे जागे होते. मग दाराजवळच्या एका थोरल्याने तोंड मिटलं, आणि कापल्याचा आवाज जरासा कमी झाला. शेजारणीने मिटलं. तिच्या शेजारचीने मिटलं. एकेक करत सगळ्यांनी तोंडं मिटली, छात्या फुगल्या, डोळे बाहेर आले, तरी एक करवत चालूच होती. मामा रागाने मागं वळून ती कोणाची ते शोधत राहिले. सगळे जण तोंड मिटून त्यांच्याकडंच बघत होते. मग मामांनीही हळूच तोंड मिटलं.

खोली शांत झाली. त्या शांततेत चार बारीक श्वास आले आणि गेले, आले आणि गेले. मामा कान टवकारून ऐकत होते. जेवढा वेळ दम धरवला, तेवढा वेळ त्यांनी ऐकलं.